उघडी सावली

पोरीचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं होतं. बाकी सगळ्या शाळेत ती भोंगा. आवाजच तसा. आई म्हणायची, "हिला कानात सांग म्हटलं, तरी तीन घरांना कळतं." पण त्याच आवाजामुळे ती छात्रपथकाची प्रमुख झाली होती. खांद्यावर लाल फीत होती आणि आज, दोन वर्षं फळ्यावर विमानं गिरवल्यानंतर, ती पहिल्यांदा खऱ्या विमानात बसणार होती. सर चालवणार, ती शेजारी.

विमान लहान, दोघांपुरतं. ते ठेवायच्या शेडमध्ये भिंतीवर एक लाकडी फळी होती. फळीवर प्रत्येक हत्याराची काळी सावली रंगवलेली. पान्याखाली पान्याची, पकडीखाली पकडीची. सकाळी मुलं विमानाची झाकणं उघडून तपासणी करायची आणि हत्यारं आपापल्या सावलीवर परत टांगायची. एक जरी सावली उघडी राहिली, तर हत्यार विमानातच राहिलंय असं धरायचं. ज्याला ती दिसेल त्याने "थांबा" म्हणायचं. मग तो आठवीतला चिमुरडा का असेना, विमान हलत नसे. हा नियम सरांचा. सर हवाई दलातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "वर गेल्यावर विमान रस्त्याच्या कडेला लावून आत डोकावता येत नाही, बाळांनो."

बाहेर मांडवात प्रमुख पाहुणे उड्डाणाला दाखवायचा हिरवा झेंडा घेऊन बसले होते. भोंगाने सवयीने फळीवरून नजर फिरवली. सगळ्यात छोट्या स्क्रू ड्रायव्हरची सावली उघडी होती.

"थांबा!"

मांडवातल्या माना वळल्या. मुख्याध्यापिका बाई पदर सावरत शेडमध्ये आल्या. "काय झालं? पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम आहे."

"स्क्रू ड्रायव्हर नाही, बाई. विमान उघडून बघावं लागेल. तासभर तरी."

"एका स्क्रू ड्रायव्हरसाठी तासभर?" बाई सरांकडे वळल्या. "सर, तुमचा हा वर्ग पुढच्या वर्षी चालू ठेवायचा की नाही, ते आजच्या पाहुण्यांच्या हातात आहे. मी आणखी काय बोलू?"

सरांनी स्वतःची पिशवी उघडली, तसलाच एक स्क्रू ड्रायव्हर काढला आणि उघड्या सावलीवर टांगला.

"चला. झालं."

भोंगाला वाटलं, कुणीतरी कानाखाली वाजवली. "सर, ह्याची मूठ पिवळी आहे. आपला लाल होता."

"चल म्हटलं ना, बाळ."

त्या विमानात बसणार कोण होतं? बाई नाहीत, पाहुणे नाहीत. ती आणि सर! ज्यांनी हात धरून शिकवलं, तेच आता सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकत होते, स्वतःच्यासुद्धा. तिने पिवळ्या मुठीचा तो स्क्रू ड्रायव्हर खसकन ओढून काढला आणि टेबलावर आपटला.

"थांबा म्हणजे थांबा!"

या वेळी मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, झेंडा खुर्चीवर ठेवला आणि गाडीकडे चालू लागले. तेवढ्यात माईकवाला धावत आला. हातात लाल मूठ.

"हा शोधताय का? माईकचा स्क्रू ढिला झाला होता हो. इथे कुणी नव्हतं, म्हणून न विचारताच नेला."

बाईंना तेवढंच पुरलं. "बघ! विमानात काहीच नव्हतं. उगाच शाळेची शोभा केलीस."

"हे आत्ता कळलं, बाई. मघाशी तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

"वर तोंड करून बोलतेस?" बाईंनी तिच्या खांद्यावरची लाल फीत काढून घेतली. भोंगा सरांकडे बघत राहिली. सर जमिनीकडे बघत राहिले. फीत गेल्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. ते खाली बघणं मात्र तिच्या अंगभर पेटलं.

मांडव रिकामा झाला. खुर्च्या एकात एक जाऊ लागल्या. सर हळूच म्हणाले, "चल. इंधन भरलंय, वाराही शांत आहे. तुझी फेरी मी बुडवणार नाही."

"मी बसणार नाही."

मागे उभी असलेली आई पुढे आली. ती इस्त्रीचं दुकान चालवायची. पोरीच्या गणवेशाची घडी तिच्याच हातची. "अगं, दोन वर्षं जीव टाकलास ह्याच्यासाठी. स्क्रू ड्रायव्हरही सापडला. आता कशाला नाकावर राग? बस की!"

"दुकान बंद करून निघालीस आणि इस्त्री बंद केली का ते आठवेना, तर तू काय करतेस? केली असेल असं धरून घरी येतेस?"

आई ओशाळली. "अर्ध्या वाटेवरून परत जाते."

"सरांनी इस्त्रीवर फडकं टाकलं, आई. दिसू नये म्हणून."

सरांचा चेहरा पडला. "वर्ग बंद पडला असता गं. इतक्या मुलांचा वर्ग."

"मग त्या वर्गात शिकवणार काय होतात, सर? सावली झाकायला?"

भोंगाचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच खणखणीत होता. "माईकवाला न विचारता शेडमध्ये शिरला. आणखी कोण शिरलं असेल, काय ठाऊक. झाकणं परत उघडायची, सगळी फळी पहिल्यापासून घ्यायची. मी पुकारणार, तुम्ही सांगणार. त्याशिवाय मी बसणार नाही. आज नाही, कधीच नाही."

पुकारायचं काम प्रमुखाचं आणि उत्तर द्यायचं नवख्याचं, अशी रीत होती. सरांनी क्षणभर तिच्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं. मग टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि फळीसमोर सरळ उभे राहिले.

तिचा राग गेला नव्हता. रागातच तिने पुकारलं, "मोठा पाना!"

"जागेवर."

"नुसतं बघून नाही, सर," भोंगा म्हणाली. "हात लावून सांगा."