मेणाच्या दोन दाढा

आमच्याकडे कवळ्या बनतात. वीस वर्षं मी दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करतेय. त्या दिवशी मालक म्हणाले, "दोन कारागीर घ्यायचेत. परीक्षा तुम्हीच घ्या, पगारही तुम्हीच सुचवा. चारपर्यंत कागद द्या." मला जरा चढलंच.

एक चष्मेवाला आला, एक उंच मुलगी आली. दोघांना मेणाची दाढ कोरायला दिली. त्याची दाढ ठीक होती. तिची दाढ उचलून तोंडात बसवावी अशी होती.

मी तिला विचारलं, "घरी लहान कुणी?"

"मुलगी. दीड वर्षाची."

"मग बघतं कोण?"

"सासूबाई. आजारी पडली तर मी आहेच."

त्याला विचारलं, "सोमवारपासून येशील ना?" दोघांना बाहेर बसवलं. तिच्या कागदावर लिहिलं, 'हात उत्तम. मूल लहान. पगार थोडा कमी ठेवावा.' त्याच्या कागदावर 'हात बरा', आणि वर पूर्ण पगार. पेन कुठे अडखळलंसुद्धा नाही.

मग कागद नीट भरलाय ना हे बघायला जुनी फाइल काढली, आणि हाती माझाच कागद आला. 'हात उत्तम. मूल लहान. पगार थोडा कमी ठेवावा.' अक्षर थोरल्या बाईंचं. ज्यांनी मला हाताला धरून काम शिकवलं, त्यांचं. खाली माझ्याबरोबर लागलेल्या ढोल्याचा कागद होता. 'हात बरा.' पगार माझ्याहून जास्त. आज तो माझा साहेब आहे.

कमी पगारापायी वीस वर्षं मी मालकांच्या नावाने बोटं मोडत होते. आता कुणाच्या नावाने मोडायची तेच कळेना. बाईंना फोन लावला. आता त्या घरीच असतात.

"अगं, तुला चारला निघता यावं म्हणून," त्या म्हणाल्या. "कमी घेणारी लवकर निघाली तर कुणी बोलत नाही. तुला कधी कुणी बोललं?"

नव्हतं बोललं. पण सकाळी सातला येऊन मी भट्टी लावायचे, तेव्हा बघायला तरी कोण असायचं?

"मी उपकार मानू की भांडू?" मी विचारलं.

"मलाही कधी कळलं नाही बघ," बाई म्हणाल्या आणि पोराची चौकशी करू लागल्या.

डोक्याचा नुसता भुगा झाला. बाईंचा राग येत होता आणि त्यांची मायाही आठवत होती. बरं, त्यांच्यावर चिडावं तर माझ्या कागदावरची शाई अजून ओली होती. निदान सारखं तरी वागावं म्हणून चष्मेवाल्याला आत बोलावलं.

"तुला मुलं आहेत?"

तो बावरला. "जुळी आहेत. आठ महिन्यांची."

"मग बघतं कोण?"

"बायको. नोकरी होती तिला, सोडली." त्याने चष्मा पुसला. "दोघांपैकी एकाने सोडायचीच होती. तिचा पगार कमी होता ना."

का कमी होता, हे मी त्याला विचारलं नाही. त्याच्या बायकोच्या कागदावरही कुणीतरी माझ्यासारखीनेच लिहिलं असेल. मला स्वतःची लाज वाटली. तो गेल्यावर त्याचाही पगार कमी करावा असं एकदा मनात आलं, पण मग त्या जुळ्यांचं काय? शेवटी त्या उंच मुलीच्या कागदावरच्या दोन ओळी खोडल्या आणि तिलाही पूर्ण पगार लिहिला. बरोबर केलं की नाही, देव जाणे.

मालकांनी कागद बघितले. "हिला एवढा? आणि ही चारला निघाली तर?"

"निघेल. सातला येईल."

"आणि हा तिसरा कागद कुणाचा?"

"माझा. वीस वर्षांपूर्वीचा."

ते वाचू लागले. भिंतीवर चार वाजले. माझा मुलगा आता माझ्याहून वीतभर उंच आहे, घरी माझी कुणी वाट बघत नव्हतं. तरी सवयीने मी पर्स उचलली होती. ती खाली ठेवली आणि मालकांसमोर खुर्ची ओढून बसले.