बिनमिठाची आमटी

“अक्का, उप्पिल्ला!” गंगव्वानं आमटीचा थेंब तळहातावरून चाटला आणि तोंड वाकडं केलं. “मीठच नाही हिच्यात.”

“माहितेय. राहू दे.”

“पाहुणे काय म्हणतील?”

“तेच तर बघायचंय मला.”

गंगव्वा बंगळूरच्या बसवनगुडीतल्या या घरात वीस वर्षं स्वयंपाकाला येते. मला वेड लागलं असं तिला वाटलं असणार. खुशाल वाटो. बाहेर ह्यांच्या कारखान्यातले चार जुने सहकारी बसले होते, आणि त्यांच्यावर सूड उगवायला मी सहा वर्षं टपून होते.

सहा वर्षांपूर्वी तपासणीच्या टेबलावर एक लोखंडी दांडा आला होता. ह्यांना त्यावर केसाएवढी चीर दिसली. चौघांतले वरिष्ठ श्रीहरीसाहेब म्हणाले, “कुठाय? मला नाही दिसत.” मग बाकीच्या तिघांनाही दिसेना. दोन दिवस हे एकटेच ‘आहे’ म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी ‘नसेल’ म्हणून सही करून आले आणि न जेवता झोपले. दांडा चाचणीत मोडला. चौकशीत चौघांनी एका सुरात सांगितलं, तपासणी वासुदेवची होती. ह्यांची बढती गेली, गोदामात बसवलं, आणि चौघांपैकी एकानंही पुन्हा आमच्या दाराची घंटा वाजवली नाही. एकटा माणूस चौघांपुढे काय करणार, अशी मी ह्यांची समजूत घालत आले. त्या मेल्यांना मात्र मी माफ केलं नाही.

गेल्या महिन्यात साहेबांनी ह्यांना निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलं. तेव्हापासून हे रोज प्रत्येकाच्या ‘सुप्रभात’ला हात जोडतात. “बोलवा की एकदा सगळ्यांना जेवायला,” मी म्हटलं, तर ह्यांचे डोळे भरून आले. आज सकाळपासून दोनदा शर्ट बदलला.

मी ताटात डावीकडचं मीठही वाढलं नव्हतं. साहेब ‘वा’ म्हणाले की बाकीचे ‘वा’ म्हणणार, आणि मग मी विचारणार होते, नसलेलं मीठ लागतं आणि असलेली चीर दिसत नाही, तुम्हाला झालंय तरी काय?

साहेबांनी भुरका मारला. जरा थांबले. “वा, वहिनी! बऱ्याच दिवसांनी अशी आमटी.”

“अगदी!” श्रीकांत म्हणाले. “हॉटेलात कुठली ही चव!”

तिसऱ्यानं मान डोलावली. चौथ्यानं वाटी पुढे केली, “स्वल्प अजून वाढा.”

मला आतून उकळ्या फुटत होत्या. पदर खोचून मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब ह्यांच्याकडे वळले.

“नशीबवान आहेस लेका वासुदेव. काय, खरं की नाही?”

ह्यांनी घास घेतला, तोंडात घोळवला. मीठ कणभर कमी पडलं तर तीस वर्षं ताट बाजूला सारणारा हा माणूस. बोला, मी मनात म्हटलं. आपलं घर आहे, इथे सही लागत नाही. बोला.

हे साहेबांकडे बघून हसले. “छान झालीय,” म्हणाले. “एकदम छान.”

साहेबांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. सहा वर्षांत हा चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता. माझं वाक्य जिभेवर तयार होतं, पण त्यात आता चौघं नव्हते, पाच होते.

“वीणा, तू पण बस ना आमच्याबरोबर,” हे म्हणाले.

मी पान मांडून बसले. भातावर आमटी घेतली, कालवली, घास गिळला. सगळे माझ्याकडे बघत होते.

“जमलीय खरी आज,” मी म्हणाले.