डाव्या डोळ्यामागची खिडकी

"वर बघ रे, वर बघ! खाली बघून बघून माझी मान मोडली, आता तू जरा मान वर कर!"

हा आवाज थोरलीनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती या घरात नवी नवरी होती. सासूबाई वरच्या खोलीच्या खिडकीतून अर्ध्या बाहेर झुकल्या होत्या आणि खाली गल्लीत त्यांचा धाकटा लेक, तिचा दीर, कोळशाच्या तुकड्यानं समोरच्या भिंतीवर कुणाचं तरी नाक काढत बसला होता. नुसत्या हाकेनं भागलं नाही की सासूबाई गाणं जोडत. गाणं कसलं, वैतागालाच चाल लावलेली.

वर बघ, वर बघ, खिडकीत कोण?
आई आहे एक, तिला लेक दोन.
एक आला घरी, एक कुठे गेला?
वर बघ, वर बघ, दिवा मी लावला.

गल्ली हसायची. समोरचा न्हावी गिऱ्हाईकाच्या गालावरचा वस्तरा उचलून ओरडायचा, "बघ की रे वर! मावशी खाली पडली तर मलाच झेलावी लागेल!" त्या आवाजात माया किती आणि राग किती, ते वेगळं करता येत नसे. ओल्या कपड्यातून पाणी पिळून काढता येतं, तसं काही ते नव्हतं.

आता त्या खिडकीत विटा होत्या. विटांवर गिलावा, गिलाव्यावर रंग, आणि रंगात सासूबाईंचाच चेहरा, घराएवढा उंच. जिथं खिडकी होती तिथं बरोबर त्या चेहऱ्याचा डावा डोळा आला होता.

धाकटा मोठा चितारी झाला, बाहेर नाव काढून आला आणि म्हणाला, आपल्या शहरातल्या पोपडे आलेल्या भिंतींना आपण चेहरे देऊ. पहिली भिंत स्वतःच्या घराची. "पण दादा, डोळ्यात भोक कसं चालेल? एका हंगामापुरतं बुजव. मग काढून टाकू."

दादा, म्हणजे थोरलीचा नवरा, गवंडी. धाकट्याला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा माणूस, त्याला नाही म्हणणं त्याच्या हाडात नव्हतं. पण आईसाठी त्यानं एक केलं. गवंडी भिंत बुजवतो तेव्हा नव्या विटांचे दात जुन्या भिंतीत गुंतवतो, म्हणजे दोन्ही भिंती एक होतात. यानं दात गुंतवलेच नाहीत. विटा नुसत्या एकावर एक उभ्या केल्या, मसाला मुद्दाम कच्चा ठेवला. आईला म्हणाला, "चार ठोक्यांत निघेल बघ. भिंत समजू नकोस, दार लावलंय समज."

"दाराला कडी आतून असते रे बाळा," सासूबाई म्हणाल्या होत्या.

हंगाम सरला, विटा राहिल्या. कारण पाहुणे आले. पहिल्याच घोळक्यातल्या कुणीतरी आपल्या गावी जाऊन लिहिलं की त्या शहरातली एक भिंत बोलते, मी स्वतः ऐकली. झालं! वर्तमानपत्रांनी उचललं, पर्यटन मंडळानं पाट्या लावल्या. 'बोलक्या भिंतींचं शहर'. ज्या शहराला कालपर्यंत शेजारच्या शहरातले लोक 'ते गटारवालं' म्हणत, तिथं आता विमानानं माणसं उतरू लागली. गटारं होती तिथंच होती, फक्त त्यांच्या बाजूच्या भिंतीवर मोर आले. आणि पाहुणे यायचे ते थेट या घरापाशी. भिंतीला कान लावायचे, डोळे मिटायचे. कुणाला समुद्र ऐकू यायचा, कुणाला स्वतःची आजी. काहीच ऐकू आलं नाही असं सांगणारा एकही निघाला नाही.

थोरलीला तेवढं ठाऊक होतं, पहिल्यांदा काय ऐकू आलं होतं ते. ठाऊक असलेली दोनच माणसं, ती आणि तिचा नवरा. सासूबाई गेल्या त्याच दिवशी नवऱ्यानं तिला शपथ घातली होती, "धाकट्याला हे सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." तेव्हापासून ती गोष्ट तिच्या घशात काट्यासारखी आडवी होती. गिळवत नव्हती आणि थुंकायची सोय नव्हती.

आता त्याच वरच्या खोलीत नवरा पडून होता. आयुष्यभर ओढलेली सिमेंटची धूळ छातीत घट्ट बसली होती. तळमजला धाकट्याच्या वाट्याचा, तिथं त्यानं दुकान काढलेलं. सासूबाईंच्या चेहऱ्याचे कप, सासूबाईंच्या चेहऱ्याच्या पिशव्या, सासूबाईंचा चेहरा असलेलं पायपुसणंसुद्धा. मधल्या मजल्यावर चूल आणि थोरलीचं शिलाई मशीन. वर ही एक खोली, जिला जिन्याच्या दाराशिवाय दुसरी फट नव्हती. डॉक्टर आले, छाती ऐकली आणि म्हणाले, "यांना हवा पाहिजे. खिडकी कुठाय?"

थोरलीनं भिंतीकडे बोट केलं.

"अच्छा! ती हीच का?" डॉक्टर म्हणाले, आणि उठून त्यांनी आतल्या बाजूनं भिंतीला कान लावला.

त्या दिवशी थोरली हसली नाही. तिनं मनाशी ठरवलं, खिडकी उघडायची.

मंडळाच्या संचालिका बाईंनी तिचं ऐकून तरी घेतलं. "खिडकी? डोळ्यात? ताई, लोक कुठून कुठून येतात या डोळ्यासाठी. शहराची ओळख आहे ती."

"माझ्या नवऱ्याचा श्वास आहे तो."

"तुमच्या भावना कळतात मला," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या दिवसातून इतक्या जणांना म्हणत असाव्यात की ते आता आपोआप बाहेर पडत होतं. मग त्यांनीच सांगितलं की उलट आता काम पक्कं व्हायचंय. डोळ्याभोवती ओल येऊन चौकोनी रेघ उमटली होती, खिडकीच्या मापाची. म्हणून त्या फटीत दाबानं सिमेंट भरायचं, वर काच बसवायची. आणि विटांच्या मधोमध एक छोटा स्पीकर आधीच बसला होता, म्हणजे कान लावणाऱ्याला खरंच काहीतरी ऐकू येईल. आज दुपारी त्याचं उद्घाटन. उद्या सकाळी सिमेंट.

"कुणाला विचारून?"

"तुमच्या दिरांना. घर त्यांचंही आहे ना?"

थोरली घरी आली ती थेट वर. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचा हातोडा आणि छिन्नी दारामागं कोनाड्यात, होती तिथंच.

"उद्या सिमेंट भरतायत. मग ती तुमच्या चार ठोक्यांनी काय, चारशे ठोक्यांनीही निघायची नाही. बोला त्याच्याशी."

"धाकटा आहे गं तो."

"धाकटा! टक्कल पडलं त्याला."

तो हसायला गेला आणि खोकत सुटला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "नाव झालंय पोराचं. मी त्यात भोक पाडू?"

"आणि तुमच्या छातीत पडलीयत ती?"

तो पुन्हा भिंतीकडे वळला. मग तीच जिना उतरली, दुकानात शिरली. धाकटा नव्या सदऱ्याच्या बाह्या नीट करत आरशासमोर उभा होता. बाजूला कपांच्या रांगेतून पंचवीस-तीस सासूबाया तिच्याकडे बघत होत्या.

"भावजी, खिडकी उघडा."

"वहिनी, आज नको. आज तरी नको."

"आजच. उद्या दगड होणार तिचा."

"तुम्हाला एक खिडकी दिसते. मला शहर दिसतं. न्हाव्याला विचारा, कुणामुळं चालतंय त्याचं दुकान. त्या कोपऱ्यावरच्या खानावळवाल्याला विचारा. गल्लीत एक माणूस दाखवा, या डोळ्यावर ज्याचं पोट नाही!"

"वर आहे एक. चला, दाखवते. वर्ष झालं तुम्ही पायरी चढला नाहीत."

तो आरशातूनच तिच्याकडे बघत म्हणाला, "दादाला मी चांगल्या इस्पितळात ठेवतो म्हणालो होतो. तुम्हीच नाही म्हणालात."

"आम्ही घर सोडून जावं आणि तुम्ही वरची खोलीही दुकानात घ्यावी, म्हणून ना?"

"वहिनी, तोंड सांभाळा. आईचा चेहरा आहे तो. आईची आठवण आहे. तुम्ही परक्या घरून आलात, तुम्हाला काय कळणार!"

परक्या घरून. सासूबाईंचं शेवटचं अंग पुसणारे हात पदरात गुंडाळून ती बाहेर आली. दारात एक पाहुणी कॅमेरा घेऊन उभी होती. तिनं गोड हसून हातानंच खूण केली, जरा बाजूला होता का, चित्रात येताय तुम्ही.

दुपारी गल्ली भरली. खुर्च्या, फुलं, झेंडे. थोरलीनं वाळत घातलेली चादर कुणीतरी काढून घडी करून पायरीवर ठेवली होती, मंडळाला त्या बाजूला कपडे चालत नसत. न्हाव्यानं दुकान बंद ठेवून पुढची खुर्ची धरली होती. तिला बघून त्यानं आवाज खाली घेतला, "ताई, राग मानू नका. भिंत बोलते म्हणून माझी कात्री चालते."

"चालू द्या. तुमचं सगळं चालतं, एकट्या माझ्या घरात श्वास चालत नाही."

संचालिका बाई बोलल्या. शहराचं नाव, शहराचा आत्मा, पाहुण्यांच्या हृदयात शहराला मिळालेली जागा. मग त्यांनी कळ दाबली आणि सासूबाईंच्या डाव्या डोळ्यातून एक बाई गाऊ लागली. नाटकातली कुणी नटी असावी. आवाज मधाळ, प्रत्येक शब्दाला पाळणा बांधलेला. वर बघ, वर बघ, खिडकीत कोण... वैताग नाही, मोडलेली मान नाही, गार होणारं जेवण नाही. साय काढलेल्या दुधासारखं ते गाणं गल्लीभर पसरलं. पाहुण्यांनी डोळे पुसले.

धाकटा पुढे झाला. हातात भोंगा, जुनाच, पाहुण्यांचा पहिला घोळका आणला त्या दिवसाचा. तो त्यानं मुद्दाम जपून ठेवला होता. "हीच ती हाक," तो म्हणाला. "माझी आई रोज इथून मला हाक मारायची. मी भिंत रंगवायला घेतली तेव्हा ती म्हणाली, बाळा, मला डोळे दे, म्हणजे मी तुझी वाट बघत राहीन. तिनं शेवटचा श्वास घेतला तो समाधानानं. आजही मी इथं उभा राहिलो की तो आवाज मला ऐकू येतो."

ठक्.

आवाज भिंतीतून आला. सगळे थांबले. मग कुणीतरी टाळी वाजवली, पाहुण्यांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे. दोघंतिघं धावत जाऊन भिंतीला कान लावून उभे राहिले.

ठक्. डाव्या डोळ्याच्या कडेनं रंगाचा पोपडा सुटून खाली खुर्च्यांवर पडला. नटीचं गाणं खरखरलं आणि बंद झालं.

थोरलीला तो ठोका ओळखीचा होता. छिन्नीवर हातोडा, मध्ये दम घ्यायला लागणारा वेळ, मग पुन्हा. दुसऱ्याच बाईच्या तोंडून आईचं गाणं आपल्या विटांतून निघालेलं नवऱ्यानं आत ऐकलं होतं. शपथ घालणारा माणूस उठून उभा राहिला होता.

"कोण आहे आत?" संचालिका बाईंचा रंग उडाला. "थांबवा त्यांना! थांबवा कुणीतरी!"

धाकटा गर्दी कापत थोरलीकडे आला. भोंगा तोंडाजवळच राहिला होता, म्हणून त्याचं ओरडणं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "वहिनी, दादाला आवरा! वेड लागलंय त्याला! आईच्या डोळ्यात छिन्नी घालतोय!"

तिनं त्याच्या हातातला भोंगा काढून घेतला. हिसकावला नाही, पोराच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा काढला. बोलताना तिचा आवाज भोंग्यातून परका निघाला, पण कापला नाही.

"भावजी, तुम्ही पहिला घोळका घेऊन आलात, त्या दिवशी सासूबाई जिवंत होत्या. इथंच, या विटांमागं, अंथरुणावर. तुमच्या भोंग्यातला शब्द न् शब्द आत ऐकू येत होता. आई मला हाक मारायची, असं तुम्ही लोकांना सांगत होतात, आणि त्या आतून तुम्हाला हाक मारत होत्या. वर बघ रे, वर बघ. मी त्यांना धरून बसले होते. त्यांनी भिंतीवर हात आपटले. तुम्ही बोलता बोलता थांबलात. कुणीतरी विचारलं, हा आवाज कसला? तुम्ही म्हणालात, वारा आहे, आमच्या भिंती बोलतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यावर हे शहर उभं आहे तुमचं."

ठक्. एक वीट आतल्या बाजूला घसरून पडल्याचा आवाज आला. डोळ्याच्या मधोमध काळं, चौकोनी काहीतरी दिसू लागलं. धाकटा तिकडे बघत नव्हता. तो थोरलीच्या तोंडाकडे बघत होता.

"मी जिना उतरून धावत आले, तर तुम्ही पुढच्या भिंतीकडे गेलेले. परत वर गेले. त्यांनी मला विचारलं, बघितलं का गं त्यानं वर? मी हो म्हणाले."