न नासणारं दूध

"बघा, बघा! परवाचं दूध! वास घ्या, चव घ्या, आहे का कुठे आंबट?" माझा दादा ओरडत होता.

त्याच्या गोठ्यासमोर ही झुंबड. भाजीवाली, शाळेतले मास्तर, झाडून सगळे दूधवाले. मधोमध खुर्चीवर दूधबाबा, हातात काचेचं भांडं. त्यांचं सिद्धचूर्ण चिमूटभर गाईंच्या खाद्यात आणि चिमूटभर दुधात टाकलं, की काळ म्हणे जागच्या जागी थांबतो. दूध नासायचं नावच घेत नाही.

"हे दूध नव्हे," बाबा डोळे मिटून म्हणाले, "हे अमृताचं धाकटं भावंड!"

"मग थोरलं कुठे असतं?" मी विचारलं, तर भाजीवालीनं मला कोपरानं ढोसलं.

मी गुरांची डॉक्टर. पण दादाच्या लेखी अजून नाक गळणारी धाकटी बहीण. "तुझ्या सुया टोचून काय झालं गं?" तो म्हणायचा. "बाबांच्या चूर्णानं वर्षभर एकाही गाईची कास सुजली नाही!" आणि ते खरं होतं. माझं डोकं त्यानंच फिरलं होतं. झाडपाल्यानं असं होत नाही. अलीकडे मात्र दोन गाईंच्या कासा पुन्हा सुजल्या होत्या. बाबा म्हणाले, श्रद्धा कमी पडली, चूर्ण दुप्पट करा. दादानं केलं.

इकडे वहिनी इस्पितळात. धार काढताना बादलीच्या काठानं बोट कापलं, एवढंसं. पण हात कोपरापर्यंत सुजला, अंगात ताप भरला. डॉक्टरांनी एक औषध दिलं, मग दुसरं. ताप हटेना.

"कुठलं औषध चालेल त्याची तपासणी सुरू आहे," ते मला फोनवर म्हणाले. "पण तेवढा वेळ तो हात थांबेलसं वाटत नाही. जंतू बहुतेक गोठ्यातलाच आहे. तिथे गुरांना काय देता, तेवढं नाव मला काढून द्या."

दादाला विचारलं, तर तो उखडलाच. "औषध? छे! शुद्ध झाडपाला आहे!"

"झाडपाला ना? मग त्यानं दही लागायचं अडायला नको! चल, विरजण लावू."

सगळ्यांसमोर शेजारणीचं चूर्ण न लागलेलं कोमट दूध दोन वाडग्यांत ओतलं, दोन्हींत सारखं विरजण घातलं. एका वाडग्यात दादानंच स्वतःच्या हातानं चूर्ण टाकलं. बाबा हसले. "पोरी, चमत्काराची परीक्षा दह्यानं घेतेस?"

"मला परवडते तेवढीच, बाबा."

सकाळी गर्दी दुप्पट. पहिल्या वाडग्यात चमचा उभा राहील असं घट्ट दही. दुसऱ्यात कालचं पातळ दूध, जसंच्या तसं. आणि लोकांनी काय करावं? "चमत्कार! चमत्कार!" म्हणून टाळ्या पिटल्या! बाबांनी हात वर केला. मी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, थांबा की! दही लावतं कोण? डोळ्यांना न दिसणारे जंतू. चांगले, कामाचे. ते या वाडग्यात मेले. काळबिळ काही थांबला नाही. जंतू मारणाऱ्या पुडीला काय म्हणतात?"

"औषध!" भाजीवाली म्हणाली.

दादा पुढे आला. "मग तुझ्या वहिनीच्या बोटातला जंतू का मरत नाही?"

"कारण तो तुझ्या गोठ्यात वाढलाय, दादा. रोज चिमूट चिमूट औषध. कच्चे जंतू मेले, चिवट तेवढे उरले. औषध हाणून पाडायची युक्ती त्यांच्या जनुकांत असते. आणि लेकाचे इतके उदार, की परीक्षेत शेजारच्याला उत्तर दाखवावं तशी ती युक्ती दुसऱ्या जंतूंनाही देऊन टाकतात. तसलाच एक वहिनींच्या बोटात शिरला. इस्पितळातल्या औषधाला तो आता भीक घालत नाही."

दादा बाबांकडे वळला. "यात काय आहे? नाव सांगा."

"बेटा, गुरुकृपा..."

"नाव सांगा! बायको आहे माझी. तिचा हात जाईल!" दादाचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

बाबा खुर्चीत आक्रसले. गुरांच्या औषधांच्या दुकानातल्या दोन तऱ्हेच्या गोळ्या, वाटलेल्या, वर रंगापुरती राख. नावं पुटपुटताना अमृत, काळ, भावंडं, सगळं विसरले बिचारे. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"अरे देवा, त्याच जातीची औषधं आम्ही देतोय!" ते म्हणाले, आणि त्यांनी वेगळंच तिसरं औषध सलाइनमधून सुरू केलं. दोन दिवसांनी ताप उतरला. नंतर आलेल्या तपासणीनंही तेच औषध सांगितलं. हात वाचला. मी इस्पितळाच्या जिन्यात बसून मनसोक्त रडले, त्यात लाज कसली!

घरी दादा चूर्णाचं पोतं उचलून नाल्याकडे निघाला होता. "तिकडे नको!" मी ओरडले. "नाल्यातल्या जंतूंचीही शिकवणी घ्यायचीय का?" पोतं आम्ही पोलिसांकडे दिलं, बाबांच्या पाठोपाठ.

वहिनींनी डॉक्टरांना विचारलं, "हे तिसरंही लागू पडलं नसतं, तर?"

"चौथं माझ्याकडे नव्हतं," ते म्हणाले.

तेव्हा एवढंच सांगते. डोळे दिपवणारं काही दिसलं, की हात जोडण्याआधी विचारा, यात घातलंय काय? सांगत नसतील, तर ते ना गुरांना द्या, ना माणसांना. औषध आजारपणातच द्यायचं, तेही डॉक्टरला विचारून. वहिनींच्या वेळी एक औषध शिल्लक होतं. ते पुढच्या माणसासाठीही उरायला हवं.