सकाळचे तीन मिलिग्रॅम

मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीच्या गाडीवर असतो तसला नव्हे, मित्रांनो. एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, आतल्या छोट्या खोलीत, दगडी ओट्यावर मी बसलेला असतो. माझ्याभोवती काचेची पेटी आहे आणि तिला तीन सरकती दारे आहेत, कारण जवळ कोणी शिंकले तरी माझे आकडे नाचू लागतात. ग्रॅमचे दहा हजार भाग करा. त्यातला एक भाग मला कळतो. ताटलीवर बोटाचा ठसा उमटला तर त्या ठशाचेही वजन मी सांगतो. ही फुशारकी नव्हे. पुढची हकिगत कळायला हे माहीत असलेले बरे.

मला एका स्वच्छ, पांढऱ्या खोलीत जुळवले गेले. ताटलीखाली तारेचे एक वेटोळे बसवले आणि त्याच्याभोवती लोहचुंबक. वस्तू ताटलीला खाली दाबते, वेटोळ्यातली वीज तिला वर उचलून धरते. किती वीज लागली, त्यावरून मी वजन सांगतो. यात एक गोम आहे. चुंबक थंड असताना जरा जास्त जोरकस असतो, त्यामुळे कमी विजेत भागते आणि मी वजन कमी सांगतो. म्हणून वीज सुरू केल्यावर तासभर मला नुसते बसू द्यायचे असते. माझ्या माहितीपुस्तिकेच्या पाचव्या पानावर हे छापलेले आहे. पाचव्या पानापर्यंत सहसा कोणी जात नाही.

प्रयोगशाळेचे मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणत, मला कधीच बंद करत नसत. रोज सकाळी मऊ ब्रशने ते माझी ताटली झाडत आणि नव्या मुलांना सांगत, "हा आपला हरिश्चंद्र. याच्यापुढे तुमची लबाडी चालायची नाही." माझ्याशेजारी एक जाड वही असे. वजन करणाऱ्याने त्यात वेळ, आकडा आणि सही लिहायची, असा मामांचा दंडक होता. मला त्या कौतुकाची सवय झाली होती, हे कबूल करतो.

मग शेजारच्या विभागात एका यंत्राची वायर जळाली. विभागप्रमुखांनी हुकूम काढला की संध्याकाळी सगळी बटणे बंद झालीच पाहिजेत. मामांनी एकदा मान खाजवली आणि बटण बंद केले. त्या दिवसापासून रोज सकाळी मी थंडगार उठू लागलो, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

त्याच वर्षी 'दशांश' आली. हे तिचे टोपणनाव. ती शेवटच्या वर्षाला होती आणि कोणताही आकडा चार दशांश स्थळांशिवाय लिहीत नसे. मामा विचारत, "चहा अर्धा कप ना? की शून्य पूर्णांक पाच शून्य शून्य शून्य?" ती गंभीरपणे म्हणे, "कप किती मोठा आहे त्यावर आहे, मामा."

तिचा प्रकल्प सोपा आणि सुंदर होता. लोखंडाच्या वीस-वीस ग्रॅमच्या पट्ट्या खारट पाण्यात ठेवायच्या; काही नुसत्या पाण्यात, काही झाडपाल्याचा अर्क घातलेल्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्ट्या बाहेर काढून, पुसून, सुकवून किती वजन घटले ते पाहायचे. वजन कमी घटले, म्हणजे अर्काने गंज रोखला. अर्क ठेवला की आंबतो, म्हणून त्या पट्ट्यांचे आधीचे वजन ती सकाळी आल्या आल्या करी. नुसत्या पाण्याच्या पट्ट्या मात्र जेवणानंतर, निवांत. तीन महिने हाच क्रम चालला. निकाल आला: अर्क नव्वद टक्के गंज रोखतो.

त्या आकड्याच्या बळावर तिने एका दूरच्या विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. तिला धातूंच्या गंजावरच काम करायचे होते. ते शिकवणारी तिच्या आवाक्यातली तेवढी एकच जागा होती आणि वर्षाला बाराच विद्यार्थी घेत. 'मला हा अभ्यास का करायचा आहे' हा हजार शब्दांचा मजकूर तिने माझ्याच ओट्यावर लॅपटॉप ठेवून सात वेळा लिहिला. सातही वेळा पहिल्या वाक्यात नव्वद टक्के होते. तिच्या मार्गदर्शक बाईंनी शिफारसपत्र लिहिले, त्यातही नव्वद टक्के होते.

पंधरा दिवसांनी पत्र आले. मुलाखतीसाठी निवड झाली होती. पुढच्या गुरुवारी, लॅपटॉपवरूनच. त्याआधी मूळ नोंदी पाठवायच्या होत्या.

ती आनंदाने वही उघडून नोंदी उतरवू लागली. दोन पाने झाली आणि पेन थांबले. मागचे पान, पुढचे पान, पुन्हा मागचे. वेळेच्या रकान्यात अर्काच्या सगळ्या पट्ट्या सकाळच्या होत्या, नुसत्या पाण्याच्या सगळ्या दुपारच्या.

"मामा," तिने हाक मारली, "काटा सकाळी किती वाजता सुरू करता?"

"तू आलीस की. तुझ्यासमोरच तर करतो."

"आधी रात्रभर चालूच असायचा ना?"

"असायचा. साहेबांचा हुकूम आल्यापासून बंद करतो. का गं? पांढरी पडलीस ती?"

तिने वजनांच्या पेटीतले वीस ग्रॅमचे प्रमाण वजन चिमट्याने काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबल्यापासून दर दहा मिनिटांनी तेच एक वजन ती माझ्यावर ठेवत राहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नाही. दोन्ही दिवशी सुरुवातीला मी तीन मिलिग्रॅम कमी सांगितले आणि तासाभराने बरोबर.

तीन मिलिग्रॅम म्हणजे साखरेचे चार-पाच दाणे. पण तिच्या पट्ट्यांची सगळी घटच दहा मिलिग्रॅमच्या आत होती. अर्कातल्या पट्ट्यांचे आधीचे वजन मी कमी सांगितले, नंतरचे बरोबर. म्हणून त्या फारशा घटल्याच नाहीत असे दिसले. ताज्या चार पट्ट्यांवर तिने तोच प्रयोग पुन्हा केला, पण दोन्ही वेळा नीट तापलेल्या माझ्यावर तोलून. नव्वदचे एकसष्ट झाले.

त्या दोन सकाळच्या आकड्यांचा आलेख काढून ती बाईंकडे गेली. बाईंनी तो पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"अर्ज गेलेला आहे," त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"नोंदींवरून त्यांना काही कळणार नाही. वेळेच्या रकान्याकडे कोण बघतं?"

"मी पण तीन महिने नाही बघितलं."

"मीसुद्धा त्या आकड्याखाली सही केलीय. माझ्या नावाला बट्टा लागेल, कळतंय ना?"

"म्हणूनच आधी तुम्हाला सांगायला आले."

"बोलावणं आलंय ते नव्वदमुळे. एकसष्टवर कदाचित दारच उघडलं नसतं." त्यांनी आलेख पुन्हा जवळ ओढला. "माझं पत्र मी आज बदलून पाठवते. तुझं काय करायचं, ते तू ठरव."

बाहेर मामा उभे होते. "बटण मी बंद करायचो पोरी. माझं नाव सांग त्यांना."

"मामा, पाचवं पान मी वाचायला हवं होतं. तुमचं नाव त्यात नको. तुम्ही आपलं चहाचं बघा."

संध्याकाळी तिने विद्यापीठाला पाच ओळी आणि तो आलेख पाठवला. उत्तर आले नाही. गुरुवारपर्यंत ती रोज पडद्याकडे पाहत राहिली आणि मामा तिच्याकडे.

मुलाखत माझ्याच खोलीत झाली, कारण तीच शांत होती. पडद्यावर तिघे प्राध्यापक होते. त्यातले वयस्कर गृहस्थ थेट मुद्द्यावर आले.

"तुमची दुरुस्ती वाचली. पण एकसष्ट टक्क्यांचे अर्क आमच्याकडे कपाटभर पडलेत. मग तुम्हाला का घ्यावं?"

तिचा हात माझ्या काचेवर होता. माझे आकडे जरा हलले.

"अर्कासाठी नका घेऊ, सर," ती म्हणाली. "तो साधाच आहे. पण नव्वद हा आकडा मला फार आवडला होता, म्हणून मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. आकडा वाईट आला असता, तर पहिल्याच दिवशी काटा तपासला असता. हे मला आता कळलंय. ते घेऊन मला तुमच्याकडे यायचंय."

तिघांपैकी कोणी हसले नाही. गृहस्थांनी काहीतरी लिहून घेतले आणि विचारले, "खोलीचं तापमान मोजलं होतं?"

"नाही, सर. मोजायला हवं होतं."

"हं," ते म्हणाले आणि मुलाखत संपली.

निकालात तिचे नाव बारांत नव्हते. प्रतीक्षा यादीत दुसरे होते. त्या दिवशी तिने चहा घेतला नाही, आणि मामांनीही थट्टा केली नाही. पाच आठवडे गेले. एक जागा सुटली. आणखी नऊ दिवसांनी दुसरी सुटली. पत्र वाचून ती आधी बाईंकडे धावली, मग मामांकडे आणि शेवटी माझ्याकडे. तिने नुसतीच माझी धूळ पुसली.

आता माझ्या बटणावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी आहे. बाईंनी ती विभागप्रमुखांशी भांडून लावली. नवा काटा आला आहे. मी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी कोपऱ्यात असतो आणि ती मुले माझी दारे धाडकन लावतात. तक्रार नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना मुद्दाम खोटे बोलता येत नाही. पण आम्ही थकतो, गारठतो, म्हातारे होतो, आणि ते सांगायला आम्हाला तोंड नसते. तेव्हा आम्हाला अधूनमधून तपासत जा. मनाविरुद्ध आकडा आला की तुम्ही तपासताच. मनासारखा आला, की त्या दिवशी आठवणीने तपासा.