सतरा नंबरची बाटली

"सात नंबरच्या बाटलीत जरा सोपं काहीतरी भर," सर दारातूनच म्हणाले. "मुख्याध्यापकांची भाची आहे."

पूड भरता भरता तिचा चमचा हवेतच थांबला. उद्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी तीस बाटल्यांत पांढरी पूड भरायची होती, आणि कुठल्या बाटलीत कुठला क्षार ते मुलांनी ओळखायचं. वडील निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळेतलं हे काम तिच्याकडे आलं होतं, तेही वर्षाच्या कराराने.

"आणि सर, तिने पुढे हाच विषय घेतला तर?"

"घेईल की! तू नाही घेतलास?" सर हसले. "तुझ्या वेळी सतरा नंबरमध्ये वेगळंच होतं. तुझ्या बाबांनी किती गयावया केली माझ्याकडे, तेव्हा बदलून दिलं. आता काय लपवायचं, चार वर्षं झाली."

गंमत सांगावी तसं सांगून सर चहाला गेले.

ती स्टुलावर बसली. अभ्यासक्रमात बारा क्षार होते आणि शाळेच्या कपाटात चार. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी बाबा हातात फडकं घेऊन टेबलं पुसत फिरायचे आणि अडलेल्या पोराच्या कानात क्षाराचं नाव सांगायचे. हे उघड गुपित होतं. एकट्या तिनेच बाबांना बजावलं होतं, "माझ्या टेबलाकडे फिरकायचं नाही. माझं मी ओळखीन." आणि बाबा खरंच फिरकले नव्हते.

त्या दिवशी सतरा नंबरची पूड तिने परीक्षानळीत घेतली, द्रावण टाकलं, तापवलं. अमोनियाचा भपका नाकात गेला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यात आनंदाचंही थोडं होतं. तीसपैकी तीस गुण! नर्सिंगला जागा मिळालेली होती, ती सोडून तिने कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं. असे हात असलेल्या मुलीने थर्मामीटर लावत आयुष्य काढायचं का, असं सरच म्हणाले होते, आणि तिलाही ते गोड लागलं होतं.

कॉलेजात बाटल्या भरणारं ओळखीचं कुणी नव्हतं. ती दोनदा नापास झाली. शाळेत शिकवलंच नाही म्हणायला गेली, तर 'नाचता येईना, अंगण वाकडं' असं ऐकून घ्यावं लागलं. मग तिने सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि शिक्षण सोडून घरी आली. तरी एक गोष्ट तिने मनात जपून ठेवली होती. एक दिवस असा होता, की आपण स्वतःच्या हिमतीवर बरोबर होतो.

घरी बाबा कुकरची रिंग बदलत बसले होते.

"बाबा, सतरा नंबरच्या बाटलीत मुळात काय होतं?"

रिंग त्यांच्या हातातच राहिली. "कोण बोललं तुला?"

म्हणजे खरंच होतं.

"काय होतं?"

"बेरियमचं काहीतरी. ते बाहेरून मागवलेलं, फक्त परीक्षेपुरतं. तुला कधी हातात तरी मिळालं होतं का ते? अमोनियावालं तू वर्षभरात तीनदा केलेलंस. म्हटलं, तेच येऊ दे पोरीला."

"मी नको म्हटलं होतं."

"अगं, नापास झाली असतीस!"

"झाले असते! पुन्हा बसले असते परीक्षेला, आणि आज नर्स असते."

"मी काय तुझ्या वाईटावर होतो?"

"बाकीच्यांना निदान माहीत तरी होतं, की आपल्याला कुणीतरी सांगितलंय. मला तुम्ही तेवढंही कळू दिलं नाहीत."

बाबा रिंगेकडे बघत हळूच म्हणाले, "तू ते बेरियमसुद्धा ओळखलं असतंस, कुणी सांगावं."

"तेच तर! आता ते कुणीच सांगू शकत नाही."

परक्याने फसवलं असतं, तर चार शिव्या देऊन ती मोकळी झाली असती. इथे केसाने गळा कापला होता, आणि कापणारा समोर खाली मान घालून बसला होता. तिला रडू येत नव्हतं. नुसता राग येत होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

जेवणं झाल्यावर बाबा तिच्यासमोर येऊन बसले. हातात एक वाटी होती, वाटीत चिमूटभर पांढरी पूड.

"आईने भरून दिलीय. तुझी शप्पथ, मलाही माहीत नाही काय आहे. ओळख बघू."

"बाबा, पुरे."

"ओळख गं. एकदाच."

नको नको म्हणताना तिचा हात पुढे गेलाच. थोडी पूड तिने पाण्यात विरघळवली, वर लिंबाचे दोन थेंब पिळले. फसफसलं नाही, म्हणजे खायचा सोडा नव्हे. उरलेली पूड बोटांत चोळून पाहिली. मीठ की तुरटी? कितीतरी दिवसांनी ती त्या परीक्षेतल्यासारखी रमली होती. तिने पुन्हा एकदा चोळून पाहिलं.

"तुरटी," ती म्हणाली.

"बरोबर!" बाबांनी टाळीच वाजवली. "बघ! मी म्हणत नव्हतो?"

हात पुसत आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय बरोबर? मी अजून सांगितलंय कुठे?"

बाबांची टाळी हातातच राहिली.

आई सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती उठली. वाटी मोरीत पालथी केली आणि वरून नळ सोडून दिला.