फाइल तीच, क्रमांकही तोच

"आई, दूध उतू जातंय!"

"तूच बघ ना. माझे हात गुंतलेत."

ते गुंतले होते आमच्या ऑफिसच्या थरांच्या फाइल सिस्टीममध्ये. खालच्या थराला हात लावायचा नाही. फाइल बदलायची झाली की तिची प्रत वरच्या थरात जाते. बघणाऱ्याला मात्र सगळं मिळून एकच फोल्डर दिसतं. प्रत वर गेली की फाइलचा आयनोड क्रमांक, म्हणजे तिची ओळख, बदलायचा. फोल्डरच्या यादीत एक क्रमांक, खुद्द फाइलला विचारलं तर दुसरा. बॅकअपचा प्रोग्राम 'ही ती नव्हेच' म्हणून तिला सोडून द्यायचा.

"नाव तर तेच राहतं ना? मग क्रमांकाचं एवढं काय?" मी गॅस बंद करत डिवचलं.

"नावाचं काय घेऊन बसलीस? लहानपणी तुला भोपळा म्हणायचे. तेव्हा काय दुसरी कुणी होतीस?"

वर गेलेल्या प्रतीवर मूळ फाइलची खूण ठेवायची आणि यादी देताना त्या खुणेवरून जुनाच क्रमांक सांगायचा, असा तिचा बेत. सरसकट केलं तर यादी रेंगाळते, म्हणून जिथं गरज तिथंच शोध. संध्याकाळी तिनं काम पाठवलं. "उद्या बघू कोण नाक मुरडतं," म्हणाली आणि झोपली. सकाळी उठलीच नाही.

मी रजेवरून परतले त्याच दिवशी बैठक होती. नाक नव्या साहेबांनी मुरडलं. "हे गाळू या. यादी मंदावेल. इतक्या बारकाव्याला कोण विचारतंय?"

चाचण्या माझ्याकडे. मी पडद्यावर चाचणी लावली. भलंमोठं फोल्डर, मधल्या कितीतरी फाइली बदललेल्या. क्रमांक ओळीला ओळ जुळत गेले. वेळेत नावाला फरक. शेवटी दोन टिंबांची नोंद आली, हे फोल्डर ज्याच्या पोटात आहे त्या फोल्डरची. भले भले तिथं चुकतात. तीही जुळली. बॅकअपनं एकही फाइल सोडली नाही.

साहेब उठून पडद्याजवळ गेले. "दोन टिंबंसुद्धा धरलीत! राहू दे हे. आहे तसं जाऊ दे. लिहिलंय कुणी?"

"मॅडमनी," कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं. "त्या गेल्या."

ऑफिसात नातं आणायचं नाही, हा तिचा दंडक. ठाऊक सगळ्यांना होतं. माझ्या तोंडून मात्र कुणी कधी ऐकलं नव्हतं. मीही तिला मॅडमच म्हणायचे.

"माझ्या आईनं," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. काचेपलीकडच्या माना वळल्या, तेव्हा त्यांनाही ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "हे माझ्या आईनं लिहिलंय."